यकृतातले तांबे : विल्सनचा आजार आणि चित्रणाच्या तपासण्या

विल्सनच्या आजारात यकृतामध्ये तांबे साठत जाते. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय या नेहमीच्या तपासण्यांपैकी एकही ते तांबे मोजून दाखवत नाही. त्यांत दिसते ते तांब्याने यकृताचे काय केले ते: पेशींत उतरलेली चरबी, खरखरीत झालेला पोत, गाठी, फुगलेली प्लीहा, पोटात साठलेले पाणी. हीच चिन्हे दारूमुळे, हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूमुळे, स्थूलपणामुळे झालेल्या यकृतविकारांतही दिसतात. त्यामुळे या आजारात चित्रण वाचताना दोन चुका संभवतात. चित्रात काही नाही म्हणून आजारच नाही असे मानणे ही एक. चित्रात जे दिसले त्याला ओळखीचे नाव देऊन तिथेच थांबणे ही दुसरी, आणि ती अधिक घातक. कारण विल्सनचा आजार वेळेत ओळखला तर गोळ्यांवर आयुष्यभर आटोक्यात राहतो, न ओळखला तर जीव घेतो.

माणसाच्या रोजच्या आहारातून एक ते दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. धान्ये, डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू या सगळ्यांत ते असते. शरीराला ते हवेही असते, पण अगदी थोडे. उरलेले तांबे यकृत पित्तात सोडते आणि पित्तावाटे ते शौचातून बाहेर पडते. लघवीतून जाणारा वाटा नगण्य असतो, म्हणजे पित्ताचा रस्ता बंद झाला तर दुसरा मोठा रस्ता नाही. हा रस्ता चालू ठेवणारे प्रथिन एटीपी७बी नावाच्या जनुकावरून घडते. तेराव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९९३ साली सापडले. हे प्रथिन यकृतपेशीत दोन कामे करते: तांबे सेरुलोप्लाझ्मिन या रक्तप्रथिनात बसवते आणि जास्तीचे तांबे पित्तात ढकलते. आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर दोन्ही कामे अडतात. तांबे जन्मापासून साठू लागते, तरी तीन वर्षांच्या आत लक्षणे क्वचितच दिसतात. साधारणपणे पाच वर्षांपासून ऐन तारुण्यापर्यंत यकृताची लक्षणे येतात. मेंदूची लक्षणे, म्हणजे हातांचा कंप, बोलणे अडखळणे, अक्षर बिघडणे, स्वभाव बदलणे, ही बहुधा त्यानंतर येतात. जगभरात सुमारे तीस हजारांत एक असे या आजाराचे प्रमाण पूर्वीपासून सांगितले जाते. बिघडलेली एकच प्रत बाळगणारे निरोगी वाहक सुमारे नव्वदांत एक असतात.

आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन हे मेंदूविकारतज्ज्ञ होते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात काम करताना त्यांनी १९१२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात दीर्घ प्रबंध लिहिला. त्यांच्या रुग्णांना त्रास होता तो हालचालींचा. जिवंतपणी यकृताची तक्रार फारशी नव्हती. शवविच्छेदनात मात्र यकृत गाठाळलेले निघे. आज अशा रुग्णाच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर ते निमूटपणे आक्रसलेले यकृत काही मिनिटांत दिसते. मेंदूच्या तक्रारी घेऊन आलेल्या तरुण रुग्णाची पोटाची सोनोग्राफी करायची ती यासाठी. तांब्याचा संबंध खुद्द विल्सन यांना ठाऊक नव्हता. बुबुळाच्या कडेचे तपकिरी-हिरवे वलय कायसर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये नोंदवले होते. पण यकृत आणि मेंदू या दोन्हींत तांबे वाढलेले असते हे कमिंग्स यांनी स्पष्टपणे दाखवले ते १९४८ साली.

यकृताचे पहिले चित्र बहुतेकदा कावीळ झाली, पोट फुगले किंवा पोट दुखते म्हणून निघते. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून रुग्ण तालुक्याच्या गावी किंवा थेट नाशिक शहरात येतो. काविळीवर आधी झाडपाल्याचे औषध घेण्याची रीत महाराष्ट्रात अजून आहे. साधी विषाणूजन्य कावीळ आपोआप उतरते, त्यामुळे त्या औषधावरचा विश्वासही टिकून राहतो. विल्सनच्या आजारातली कावीळही कधी कधी काही आठवड्यांत उतरते. रुग्ण बरा झाला असे घरच्यांना वाटते, आणि यकृताची झीज आत चालूच राहते. कावीळ उतरल्यावरही यकृताची एन्झाइम्स वाढलेली राहिली, किंवा कावीळ पुन्हा झाली, तर कारण शोधल्याशिवाय त्या रुग्णाला घरी पाठवू नये.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी यकृतातून परतून येतात आणि त्यांच्या तीव्रतेप्रमाणे पडद्यावर राखाडी छटा उमटतात. यकृताची छटा उजव्या मूत्रपिंडाच्या बाह्य भागाशी ताडून पाहतात. निरोगी यकृत त्याच्याइतकेच किंवा किंचित उजळ असते. पेशींत चरबी साठली की ते स्पष्टपणे पांढुरके दिसते आणि खोलवरचा भाग धूसर होतो. विल्सनच्या आजारात यकृतावर होणारा सर्वांत आधीचा दृश्य परिणाम हाच. तांब्याचा पहिला घाव पेशीतील मायटोकॉन्ड्रियावर बसतो, चरबी जाळण्याचे काम मंदावते आणि ती पेशीतच थेंबांच्या रूपात अडकते. रिपोर्टवर मग ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे येते.

हे चार शब्द हल्ली इतके सर्रास छापले जातात की वाचणाराही त्यांवरून पुढे जातो. वजन वाढलेल्या, कंबर सुटलेल्या मध्यमवयीन माणसात त्यांचा अर्थ बहुधा सरळ असतो. पण अकरा-बारा वर्षांच्या सडपातळ मुलीच्या रिपोर्टवर तेच शब्द असतील तर त्यांचा अर्थ लावलाच पाहिजे. मुलगी स्थूल नाही, मधुमेह नाही, स्टेरॉइडसारखे औषध चालू नाही, तर चरबी आली कुठून? या प्रश्नाच्या उत्तरांत विल्सनचा आजार वरच्या क्रमांकावर असतो. स्थूल मुलांतही तो असू शकतो; वजन उतरल्यावरही एन्झाइम्स उतरली नाहीत तर शंका घ्यावी. अमेरिकेच्या यकृततज्ज्ञ संघटनेने २००८ साली सांगितलेला नियम व्यवहारात उपयोगी पडतो: ३ ते ५५ वर्षे वयाच्या ज्या कुणाला कारण न कळणारा यकृतविकार आहे, त्याच्या बाबतीत विल्सनच्या आजाराचा विचार करावा.

आजार पुढे सरकला की चरबीची जागा तंतुमय ऊती घेते. यकृताचा पोत एकसारखा न राहता खरखरीत होतो, कडा लहरी होते, आत लहान लहान गाठी दिसू लागतात. हीच सिरॉसिसची अवस्था. कडक झालेल्या यकृतातून रक्त सहज पुढे जात नाही, म्हणून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिनी शिरेतील दाब वाढतो. सोनोग्राफीतील डॉप्लर तंत्राने त्या शिरेतील प्रवाहाचा वेग आणि दिशा तपासता येते. प्लीहा मोठी होते, पोटात पाणी होते. लहान मुलाच्या रक्तातील प्लेटलेट कमी आल्या आणि सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसली, तर रक्ताच्या आजाराकडे लक्ष जाणे साहजिक आहे. तरी त्याच वेळी यकृताचा पोत नीट पाहिला की वाट बदलू शकते.

सोनोग्राफीतली आणखी एक खूण सहज निसटते: पित्ताशयातील खडे. तांबे अचानक रक्तात सुटले की लाल पेशी फुटतात, बिलिरुबिन वाढते आणि त्यातून रंगद्रव्याचे खडे बनतात. मुलाच्या पित्ताशयात खडे दिसले तर लाल पेशी फुटण्याचे कारण शोधावेच लागते. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात ते कारण अनेकदा सिकलसेल असते आणि त्याची तपासणी आधी व्हायला हवी. सिकलसेल नाही, प्रतिपिंडांमुळे लाल पेशी फुटतात का हे पाहणारी कुम्ब्स चाचणी निगेटिव्ह आहे आणि तरी लाल पेशी फुटत आहेत, अशा मुलाच्या बाबतीत तांब्याची तपासणी लांबवू नये. या आजारात मूत्रपिंडातही खडे किंवा कॅल्शियमचे कण आढळू शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी यकृतापाशी संपवू नये.

सिरॉसिस एकदा दिसला की तो कशामुळे झाला हे चित्रावरून ओळखता येते का, या प्रश्नावर क्ष-किरणतज्ज्ञांनी बराच विचार केला आहे. तुर्कस्तानात अंकाराच्या हाजेत्तेपे विद्यापीठातील डॉक्टरांनी २००९ साली दोन खुणांकडे लक्ष वेधले. पहिली खूण कॉडेट खंडाची. यकृताच्या मागच्या बाजूचा हा छोटा खंड आपले रक्त स्वतंत्र शिरांवाटे थेट महाशिरेत सोडतो. इतर बहुतेक सिरॉसिसांत उजवा खंड आक्रसतो आणि कॉडेट खंड फुगतो. दोघांच्या रुंदीचे गुणोत्तर ०.६५ च्या वर जाणे हे सिरॉसिसचे जुने माप आहे. विल्सनच्या आजारात यकृत गाठाळलेले असूनही हे गुणोत्तर पुष्कळदा नेहमीसारखेच राहते. दुसरी खूण म्हणजे यकृताभोवती दिसणारा चरबीचा पातळ थर. तरुण रुग्ण, गाठाळलेले यकृत, न फुगलेला कॉडेट खंड आणि भोवती चरबीचा थर, असे एकत्र दिसले तर तज्ज्ञाने रिपोर्टच्या शेवटी विल्सनचे नाव लिहावे. नाव लिहिल्याने निदान होत नाही, पण पुढच्या रक्ततपासण्या होतात.

सीटी स्कॅनबद्दल एक समज स्वाभाविक वाटतो: तांबे हा धातू आहे, तेव्हा यकृत क्ष-किरणांत पांढरे दिसायला हवे. तांब्याचा अणुक्रमांक २९ आहे, लोहाचा २६. थॅलसेमियाच्या ज्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांचे लोहाने भरलेले यकृत सीटीत खरोखरच पांढरे दिसते. मग तांब्याचे का दिसू नये? याचे उत्तर प्रमाणात आहे. लोह फार साठलेल्या यकृतात दर ग्रॅम कोरड्या वजनामागे पंधरा हजार मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक लोह असू शकते. विल्सनच्या यकृतात तांबे काही शे ते हजार-दीड हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. पेशीला विष ठरायला ते पुरेसे आहे, क्ष-किरण अडवायला मात्र फार थोडे. शिवाय सोबत चरबी असते. हाउन्सफील्ड मापनात पाणी शून्य, निरोगी यकृत साधारण ५० ते ६५ आणि चरबी उणे १०० च्या आसपास. तांब्याने घनता किंचित वाढवली तरी चरबी ती खाली ओढते. कधी कधी गाठी आजूबाजूच्या भागापेक्षा उजळ दिसतात, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठींच्या मधले पडदे उजळून मधाच्या पोळ्याच्या घरांसारखी जाळी दिसते. ती दिसली तर उपयोगी, पण नाही दिसली म्हणून काही सिद्ध होत नाही. मुलांना वारंवार क्ष-किरण देणे योग्य नाही, त्यामुळे या आजाराच्या पाठपुराव्यात सीटीला फारशी जागा नाही.

एमआरआयमध्ये लोहाचे मोजमाप उत्तम होते, कारण साठलेले लोह चुंबकीय क्षेत्र बिघडवते आणि संकेत लवकर विझवते. त्यावरून यकृतातील लोहाचा आकडा काढता येतो आणि थॅलसेमियाच्या मुलांसाठी तो नियमितपणे काढलाही जातो. तांब्यासाठी असा आकडा मिळत नाही. यकृतपेशी जास्तीचे तांबे मेटॅलोथायोनीन या प्रथिनात बांधून ठेवते. त्या अवस्थेतील तांब्यात जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉन नसतो, म्हणून ते चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ जाणवत नाही. साठा कितीही असला तरी हे यंत्र त्याच्याबाबत मुके राहते.

एमआरआयचा उपयोग वेगळा आहे. त्यात चरबीचे प्रमाण टक्क्यांत मिळते. गाठींची रचना दिसते: टी-टू चित्रात काळसर गाठी आणि त्यांभोवती उजळ तंतुमय पडदे हे विल्सनच्या सिरॉसिसमधील वारंवार आढळणारे रूप आहे. यातील काही गाठी कॉन्ट्रास्ट घेतात आणि कर्करोगाचा भास निर्माण करतात. विल्सनच्या आजारात यकृताचा कर्करोग इतर सिरॉसिसांच्या मानाने कमी आढळतो, त्यामुळे तरुण रुग्णाच्या प्रत्येक उजळ गाठीवरून कुटुंबाला घाबरवण्याआधी अनुभवी डोळ्यांनी ते चित्र पुन्हा पाहणे आवश्यक आहे. मेंदूच्या एमआरआयमध्ये बेसल गँग्लिया, थॅलॅमस आणि मेंदूखोड यांतील बदल दिसतात. मध्यमेंदूच्या छेदात पांडाच्या तोंडासारखी आकृती दिसण्याचे वर्णन प्रसिद्ध आहे, पण ती सर्वांत दिसत नाही.

यकृताचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी ही तुलनेने नवी तपासणी. फायब्रोस्कॅन हे यंत्र पॅरिसमध्ये विकसित झाले आणि २००३ पासून वापरात आले. बरगड्यांच्या मधून हलका धक्का दिला जातो, त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते यंत्र टिपते, आणि कडकपणा किलोपास्कलमध्ये सांगते. लहर जितकी वेगवान तितके यकृत कडक. इटलीतील सार्डिनिया बेटावर हा आजार बराच आढळतो. तेथील डॉक्टरांनी २०१२ साली विल्सनच्या रुग्णांमध्ये या आकड्यांची तुलना बायॉप्सीशी, म्हणजे सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्याशी, केली आणि ६.६ किलोपास्कलच्या वर लक्षणीय आणि ८.४ च्या वर गंभीर तंतुमयता असण्याची शक्यता त्यांनी मांडली. हे आकडे ताठरपणे वापरण्याचे नाहीत. यकृताला सूज असली, नुकतेच जेवण झाले असले तरी आकडा फुगतो. पोटात पाणी असले तर मोजणीच होत नाही. एकाच रुग्णाचा आकडा एकाच पद्धतीने वर्षानुवर्षे पाहणे हा याचा खरा उपयोग. उपचार सुरू झाल्यावर तो उतरत गेला तर सूज आणि तंतुमयता कमी होत असल्याचा दिलासा सुई न टोचता मिळतो.

निदान मात्र इतर तपासण्यांवर उभे राहते. लाइपझिग येथे २००१ साली झालेल्या बैठकीत या आजारासाठी गुणांची पद्धत ठरली. बुबुळातील वलयाला दोन गुण; सेरुलोप्लाझ्मिन दर डेसिलिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास दोन, १० ते २० मध्ये असल्यास एक; २४ तासांच्या लघवीतील तांबे सामान्य मर्यादेच्या दुपटीहून जास्त असल्यास दोन; यकृतातील तांबे मर्यादेच्या पाचपटीहून जास्त असल्यास दोन; कुम्ब्स-निगेटिव्ह रक्तविघटनाला एक; जनुकाच्या दोन्ही प्रतींतील बिघाडाला चार. एकूण चार गुण झाले की निदान पक्के. मेंदूच्या एमआरआयमधील बदल या गुणपत्रिकेत मेंदूच्या लक्षणांसोबत धरले आहेत. यकृताच्या चित्राला मात्र एकही गुण नाही, आणि ते रास्तच आहे. गाठाळलेले यकृत अनेक आजारांत दिसते, बुबुळातले वलय फार थोड्यांत. पण गुण मोजायला कुणी बसण्याआधी शंका यावी लागते, आणि ती पोटाच्या सोनोग्राफीवरूनही येऊ शकते.

या तपासण्यांपैकी बहुतेक महागड्या नाहीत. वलय पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञाचा स्लिट लॅम्प लागतो. यकृताच्या तक्रारी असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत ते नसतेच, त्यामुळे वलय नाही म्हणून आजार नाकारू नये. चोवीस तासांची लघवी धातूचा अंश नसलेल्या डब्यात गोळा करावी लागते. प्रौढांत १०० मायक्रोग्रॅमहून जास्त तांबे संशय बळकट करते, मुलांत ४० च्या वर गेले तरी पुढे जावे. सेरुलोप्लाझ्मिन यकृताची सूज असताना वाढून फसवे ठरू शकते. शंका उरलीच तर सुईने यकृताचा तुकडा घेऊन त्यातील तांबे मोजतात: दर ग्रॅम कोरड्या वजनामागे २५० मायक्रोग्रॅमहून जास्त असल्यास आजाराच्या बाजूने कौल, ५० च्या खाली असल्यास जवळजवळ निश्चित नकार. सिरॉसिसमध्ये तांबे एकसारखे पसरलेले नसते, एखादी गाठ जवळजवळ रिकामीही असू शकते. म्हणून तुकडा पुरेसा मोठा घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात या आजाराचा अभ्यास सोनोग्राफी येण्याच्या आधीपासून झाला आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात काम करणारे दाराब दस्तूर, डी. के. मंघानी आणि नोशिर वाडिया यांनी १९६८ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात भारतातील सोळा कुटुंबांतील रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे २००९ मध्ये मुंबईतच अन्नू अग्रवाल, आभा नगराळ, मोहित भट्ट आणि सहकाऱ्यांनी आजाराची तीव्रता मोजणारी मापनपट्टी तयार केली. तिच्यात यकृत, बुद्धी व वर्तन, हालचाल आणि हाडे-स्नायू असे चार भाग वेगळे मोजले जातात. हाडे-स्नायूंना स्वतंत्र स्थान देणे हे भारतीय अनुभवातून आलेले आहे. भारतीय संघटनांनी एकत्र येऊन या आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०१९ मध्ये.

नाशिकमध्ये विल्सनच्या आजाराचे नाव निघाले की भांड्यांचा प्रश्न येणारच. भांडी बाजार आणि तांबट आळी असलेल्या या शहराची तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहेत. घराघरात पाण्याचे हंडे, बंब, पूजेची ताम्हने आहेत. या भांड्यांमुळे विल्सनचा आजार होत नाही. तो जनुकाचा आजार आहे. ज्याला तो आहे त्याने मात्र तांब्याच्या भांड्यातले पाणी टाळावे, कारण त्याच्या यकृताला जास्तीचे तांबे बाहेर टाकता येत नाही. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी पिण्याची पद्धत पुन्हा रुजत असताना हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

भांड्यांमुळे होणारा तांब्याचा यकृतविकार वेगळा, आणि त्याचे कोडे मुख्यतः महाराष्ट्रात सुटले. ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ या नावाने ओळखला जाणारा हा आजार सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, विशेषतः एक ते तीन वर्षांच्या मुलांना होई. १८८७ साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी त्याचे वर्णन केले. यकृत दगडासारखे घट्ट होई, आणि कावीळ दिसल्यानंतर बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. घरात दुसरे मूलही त्याच आजाराने जाई, त्यामुळे तो आनुवंशिक मानला गेला. १९७० च्या दशकाअखेर या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड असते हे दिसून आले: दर ग्रॅमला ८०० मायक्रोग्रॅमहून जास्त, कित्येकदा त्याच्या अनेक पट, म्हणजे विल्सनच्या आजारापेक्षाही जास्त. सेरुलोप्लाझ्मिन मात्र कमी नव्हते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह मुलांच्या आहाराचा इतिहास बारकाईने गोळा केला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडले की या मुलांना अंगावरचे दूध सोडून लवकर वरचे दूध दिले गेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवलेले किंवा साठवलेले होते. दुधातील केसीन धातूच्या पृष्ठभागावरील तांबे धरून ठेवते. भांड्याची कल्हई उडालेली असली की हे अधिक होते. बाळाचे यकृत तेव्हा तांबे बाहेर टाकण्यात पुरते तयार झालेले नसते.

त्यानंतर दुधाचे भांडे बदला, अंगावरचे दूध चालू ठेवा, असा सल्ला घरोघर गेला. स्टीलची पातेली आधीच घरात शिरत होती. पंडित-भावे यांच्या गटाने १९९२ साली या प्रतिबंधाचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि एके काळी बालरोग विभागांत सर्रास दिसणारा हा आजार दुर्मीळ झाला. लवकर ओळखलेल्या मुलांना पेनिसिलामाइन दिल्यास काही वाचतात, हेही याच गटाने दाखवले. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही अशाच भांड्यांतल्या दुधाने १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके आजारी पडली होती. तेथील वंशावळी पाहता आनुवंशिक कमजोरी आणि तांब्याचा मारा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय आजार उद्भवत नसावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

भांड्यांतल्या तांब्याचा हा शोध कोणत्याही स्कॅनने लावला नाही. यकृताचा तुकडा, त्यातील तांब्याचे मोजमाप आणि आईला नीट विचारलेले प्रश्न यांनी तो लावला. आजही दोन वर्षांच्या बाळाच्या सोनोग्राफीत घट्ट, गाठाळलेले यकृत दिसले तर दूध कशात तापते हा प्रश्न विचारायलाच हवा. वयाचा फरकही लक्षात ठेवण्याजोगा: दोन वर्षांच्या मुलात विल्सनचा सिरॉसिस फार दुर्मीळ, दहा वर्षांच्या मुलात नाही.

नाशिकच्या संदर्भात तांब्याचा आणखी एक स्रोत म्हणजे द्राक्षबागा. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण द्राक्षांवरील केवडा रोगासाठी फवारले जाते. पोर्तुगालमध्ये १९६९ साली पिमेन्टेल आणि मार्केस यांनी द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसातील विकाराचे वर्णन केले, आणि पुढे १९७५ मध्ये अशा मजुरांच्या यकृतातही तांबे असलेल्या दाहगाठी आढळल्याची नोंद झाली. हा व्यवसायजन्य विकार आहे, आनुवंशिक नव्हे. पण बागेत काम करणाऱ्या तरुणाच्या यकृतात तांबे वाढलेले आढळले तर त्याचा कामाचा इतिहासही विचारावा, आणि फवारणी करताना तोंड-नाक झाकण्याचा आग्रह धरावा.

विल्सनच्या आजाराचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे अचानक यकृत बंद पडणे. वरवर ठणठणीत असलेल्या किशोरवयीन मुलाला, अनेकदा मुलीला, काही दिवसांत गडद कावीळ होते, लाल पेशी फुटतात, मूत्रपिंडे मंदावतात, शुद्ध हरपते. सोनोग्राफीत बहुधा जुना सिरॉसिस दिसतो. ‘अचानक’ आलेला हा आजार आत वर्षानुवर्षे होता हे चित्र सांगते. बिलिरुबिन प्रचंड असून अल्कलाइन फॉस्फटेज विचित्रपणे कमी, आणि यकृताच्या एन्झाइम्सपैकी एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त, अशी जोडगोळी दिसली तर निदानासाठी वाट पाहण्याला वेळ नसतो. बिलिरुबिन, आयएनआर, एएसटी, पांढऱ्या पेशी आणि अल्ब्युमिन यांवरून केलेल्या गुणांकनात ११ किंवा त्याहून जास्त गुण आले की यकृत प्रत्यारोपणाशिवाय जगण्याची आशा फार कमी. नाशिकहून असा रुग्ण मुंबई किंवा पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राकडे त्याच दिवशी निघायला हवा. आई किंवा वडील वाहक असूनही यकृताचा भाग दान करू शकतात, कारण एक निरोगी प्रत तांबे बाहेर टाकायला पुरते. नवे यकृत आल्यावर मूळ दोषही दुरुस्त होतो.

बाकीच्या रुग्णांसाठी औषधे आहेत. केंब्रिजचे जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन आणले. ते तांबे पकडून लघवीतून बाहेर नेते. त्यासोबत बी-६ जीवनसत्त्व द्यावे लागते. पेनिसिलामाइन सोसत नसल्यास ट्रायेन्टीन देतात. झिंक आतड्यात तांबे शोषले जाण्यास अडथळा करते, ते पुढच्या देखभालीसाठी किंवा लक्षणे नसलेल्या भावंडांसाठी चालते. औषध बरे वाटले म्हणून थांबवणे हा या आजारातील सर्वांत मोठा धोका आहे. औषध बंद केलेल्या रुग्णाचे यकृत काही महिन्यांत ढासळू शकते.

उपचारांचा पाठपुरावा करताना चित्रणाचे मोल पुन्हा वाढते. चरबी कमी होते, इलास्टोग्राफीचा आकडा उतरतो, पोटातले पाणी जाते, प्लीहा लहान होऊ शकते. गाठी सहसा जात नाहीत, आणि त्या तशाच दिसल्या म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नये; लघवीतील तांबे आणि यकृताची एन्झाइम्स काय म्हणतात ते पाहावे. सिरॉसिस असलेल्या रुग्णाची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करणे योग्य. प्रवेशिनी शिरेतील दाब वाढलेला असेल तर अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीने पाहाव्यात.

एका मुलाचे निदान झाले की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक होण्याची चाल महाराष्ट्राच्या अनेक समाजांत आहे. अशा नात्यात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते, म्हणून चुलत-मावस भावंडांपर्यंत विचारपूस न्यावी. भावंडांच्या तपासणीत सोनोग्राफीवर भिस्त ठेवता येत नाही. पाच वर्षांच्या बहिणीचे यकृत पडद्यावर नितळ दिसेल, आणि तरी आत तांबे साठू लागलेले असेल. तिच्यासाठी सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतील तांबे, स्लिट लॅम्प आणि शक्य असल्यास कुटुंबात सापडलेल्या जनुकीय बिघाडाची चाचणी, एवढे करावे लागते. भारतीय रुग्णांत बिघाडाचे प्रकार खूप आहेत, त्यामुळे आधी रुग्णाच्या जनुकातील बिघाड शोधून मग तोच भावंडांत पाहणे सोपे पडते. लक्षणे नसताना औषध सुरू झालेली मुले निरोगी माणसासारखे आयुष्य जगतात.

तांबे प्रत्यक्ष दाखवणारे चित्र अगदीच नाही असे नाही. तांबे-६४ या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल १२.७ तास आहे, आणि ते पेट स्कॅनमध्ये दिसते. किरणोत्सारी तांब्याने या आजाराचा अभ्यास ऑस्बर्न आणि वॉल्श यांनी १९६० च्या दशकातच केला होता. चित्र काढण्याची सोय तेव्हा नव्हती. डेन्मार्कमधील आर्हुस येथील गटाने गेल्या काही वर्षांत हे समस्थानिक शिरेतून देऊन विल्सनचे रुग्ण, वाहक आणि निरोगी माणसे यांची तुलना केली. निरोगी यकृत तांबे घेते आणि काही तासांत पित्तात सोडते, त्यामुळे पित्ताशय उजळताना दिसते. विल्सनच्या रुग्णाचे यकृत उजळते आणि उजळलेलेच राहते, पित्ताशय अंधारात. झिंकमुळे आतड्यातून तांब्याचे शोषण किती कमी होते हेही त्याच गटाने याच पद्धतीने मोजले आहे. समस्थानिक तयार करायला सायक्लोट्रॉन लागतो आणि ते तासातासाला कमी होत जाते, म्हणून ही तपासणी सध्या मुख्यतः संशोधनाच्या केंद्रांपुरती आहे. तालुक्याच्या गावी रुग्णाच्या यकृताचे जे चित्र निघते ते सोनोग्राफीचेच.